सर्व्हरचं घड्याळ सात मिनिटं पुढे, आणि कामगार माझ्यावर खवळलेत

लेथवाला | बुधवार, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत काकांचं मशीन शॉप आहे, व्हॉल्व्हच्या बॉड्यांचं जॉबवर्क. मी हिशेब बघतो. "तुला कॉम्प्युटरातलं कळतं" असं कुणीतरी कधीतरी म्हणालं, तेव्हापासून सर्व्हरही माझ्याच गळ्यात आहे. सर्व्हर म्हणजे ऑफिसात टेबलाखाली ठेवलेला एक डबा, त्यावर उबंटू २२.०४ (लिनक्स). हजेरीचं सॉफ्टवेअर, ड्रॉइंगच्या फायलींचा सांबा शेअर (नेटवर्कवरचं सामायिक फोल्डर) आणि रात्रीचा बॅकअप, एवढंच चालतं. शेजारी टॅलीचा विंडोज पीसी, गेटवर अंगठ्याचं मशीन, आणि आठ कॅमेऱ्यांचा डीव्हीआर.

गेल्या आठवड्यात घरून लॉगिन करता यावं म्हणून एसएसएचला ऑथेंटिकेटर ॲप जोडायला घेतलं. सहा आकडे टाकले की चूक. पुन्हा टाकले, पुन्हा चूक. तासभर डोकं खाल्ल्यावर सहज सर्व्हरची वेळ बघितली, तर मोबाइलपेक्षा सात मिनिटं पुढे!

मग ट्यूब पेटली. दुसऱ्या पाळीतला एक जण महिनाभर माझ्याशी भांडतोय की "मी आठच्या ठोक्याला अंगठा लावतो, तुमचं मशीन ८:०७ कसं दाखवतं?" आमच्याकडे तीन लेट मार्क झाले की अर्धा दिवस कापतात. मी त्याला दोनदा खोट्यात काढलंय. आता तोंड दाखवायला जागा नाही.

तारीख-वेळ हाताने सेट करून मोकळा होऊ का? की काही कायमचं करता येतं?

तांबडा_पांढरा | बुधवार, रात्री १०:०८

भावा, मशीन सात मिनिटं पुढं असेल तर जाताना पण सात मिनिटं आधीच सुटत असतील की पोरं. फिट्टंफाट!

लंबक | बुधवार, रात्री १०:३१

हाताने वेळ लावू नका, निदान आज तरी नको. आधी टर्मिनलवर नुसतं टाइमडेटसीटीएल म्हणा आणि काय दिसतं ते इथे टाका. (आज्ञा देवनागरीत लिहितोय, तुम्ही नेहमीसारख्या टाइप करालच.)

ऑथेंटिकेटरचं कारण उघड आहे. ते सहा आकडे वेळेवरूनच बनतात, दर ३० सेकंदांना नवे. फोन आणि सर्व्हर दोघं आपापल्या घड्याळावरून तोच हिशेब करतात आणि उत्तरं जुळली तर दार उघडतं. बसवताना त्याने एक प्रश्न विचारला असेल, मुदत वाढवू का म्हणून. हो म्हटलं की मागेपुढे साधारण चार मिनिटांचा फरक तो चालवून घेतो. तुमचे सात म्हणजे त्याच्याही बाहेर.

आणि सर्व्हर शेवटचा कधी रीस्टार्ट झाला तेही सांगा.

लेथवाला | गुरुवार, सकाळी १०:१५

@तांबडा_पांढरा, तेच तर नाही ना. सुटायची वेळ भोंग्यावर आहे, आणि भोंगा वेगळ्या टायमरवर चालतो. जाताना अंगठा लावला की मशीनमध्ये सात मिनिटं जास्त दिसतात, पण पंधरा मिनिटांच्या आतलं सॉफ्टवेअर ओव्हरटाइममध्ये धरत नाही. म्हणजे येताना कापले, जाताना मिळाले नाहीत.

@लंबक, हे दिसतंय:

टाइम झोन: एशिया/कोलकाता
सिस्टिम क्लॉक सिंक्रोनाइज्ड: नो
एनटीपी सर्व्हिस: इनॲक्टिव्ह

अपटाइम ४५१ दिवस. बसवल्यापासून बंदच केलेला नाही, मोठा यूपीएस आहे.

अर्धवट_ॲडमिन | गुरुवार, सकाळी १०:४०

४५१ दिवस हे अभिमानाने सांगतोयस का? कर्नलचे सगळे सुरक्षा अपडेट तसेच पडले असतील.

बाकी तुझं दुखणं सोपं आहे. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल गेला असणार. कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. बदल, विषय संपला.

लंबक | गुरुवार, दुपारी १:२०

सेल नाही. तो फक्त मशीन बंद असताना बोर्डावरचं घड्याळ जिवंत ठेवतो. सेल गेला की पॉवर गेल्यावर तारीख एकदम काही वर्षं मागे जाते, रोज थोडी थोडी सरकत नाही. हा सर्व्हर तर ४५१ दिवस बंदच झालेला नाही. मशीन चालू असताना वेळ मोजते ती सिस्टिमची स्वतःची मोजणी, बोर्डावरच्या स्फटिकाच्या ठोक्यांवर. स्वस्तातला स्फटिक दहा लाखांत वीस ठोके चुकला तरी कुणी त्याला खराब म्हणणार नाही, आणि तेवढ्यानेही दिवसाला पावणेदोन सेकंद होतात. त्यात टेबलाखालची उष्णता.

म्हणून बाहेरून कुणीतरी वेळ सांगत राहावं लागतं. त्यासाठी एनटीपी. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातले डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये ते मांडलं, आणि आजही जवळपास सगळं जग त्याच्यावर चालतं. तुमचा सर्व्हर विचारतो "किती वाजले?", समोरून उत्तर येतं. पण उत्तर यायला वाटेत वेळ जातो. म्हणून चार वेळा टिपल्या जातात: प्रश्न निघाला कधी, पोचला कधी, उत्तर निघालं कधी, परत आलं कधी. जाण्यायेण्याचा वेळ सारखाच लागला असं धरून फरक काढतात. नेट बेताचं असलं तरी चूक सेकंदाच्या छोट्याशा अंशापलीकडे सहसा जात नाही. तुमच्या हजेरीला आणखी काय हवं!

मला खटकतेय ती तुमची तिसरी ओळ. उबंटूत वेळ जुळवण्याची सेवा आपोआप चालू असते. तुमच्याकडे ती 'इनॲक्टिव्ह' आहे. म्हणजे ती कुणीतरी बंद केली आहे. कुणी ते नंतर बघू.

आता काम. उबंटूची आपली टाइमसिंकडी नुसती वेळ विचारते, दुसऱ्यांना सांगत नाही. तुम्हाला अंगठ्याचं मशीन, टॅली, डीव्हीआर सगळ्यांनी एकच वेळ धरायला हवी आहे, म्हणून क्रॉनी बसवा, ती वेळ विचारते आणि सांगतेही. साधी एपीटी इन्स्टॉल क्रॉनी. जुनी सेवा ती स्वतःच बाजूला करते.

पण थांबा, आत्ता बसवू नका! बसवल्या बसवल्या क्रॉनी चालू होते, आणि तिच्या फायलीत मेकस्टेप १ ३ अशी ओळ आधीपासून असते. तिचा अर्थ, सुरू झाल्यावर पहिल्या तीन दुरुस्त्यांत फरक एका सेकंदापेक्षा जास्त दिसला तर घड्याळाने थेट उडी मारावी. तुमचं घड्याळ सात मिनिटं मागे उडी मारेल. ९:५० ला लागलेला अंगठा ९:४४ च्या अंगठ्याच्या आधी नोंदलेला दिसेल. सुट्टीच्या दिवशी करा, हजेरीचं सॉफ्टवेअर बंद ठेवून.

सुट्टी नसती तर उडीऐवजी हळूहळू मागे घेता आलं असतं, म्हणजे घड्याळ उलटं न फिरवता नुसतं मंद चालवायचं. क्रॉनी जास्तीत जास्त वेगाने बारा सेकंदांत एक सेकंद खाते. सात मिनिटांना ८४ मिनिटं. जुन्या एनटीपीडी प्रोग्रॅमला याच कामाला पावणेदहा दिवस लागले असते.

अर्धवट_ॲडमिन | गुरुवार, दुपारी २:०५

सेलचं मागे घेतो. आणि उडीबद्दल लंबक म्हणतायत ते मी अनुभवलंय, म्हणून लिहितो.

आधीच्या नोकरीत एका औषध वितरकाकडे होतो. भर दुपारी, बिलिंग चालू असताना क्रॉनी रीस्टार्ट केली. मला वाटलं रीस्टार्टने काय होतंय. पण रीस्टार्ट झालं की ते "पहिल्या तीन दुरुस्त्या" पुन्हा एकपासून मोजले जातात. घड्याळ चार मिनिटं मागे. बिल नंबर पुढचा आणि वेळ मागची, अशी चाळीसेक बिलं निघाली. प्रोग्रॅम वेळेवरून क्रम लावायचा, त्यामुळे स्टॉकही वेडावाकडा. मालक रात्री साडेअकरापर्यंत माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसले होते. बोलले काही नाहीत, तेच जास्त लागलं.

हिशेबनीस | गुरुवार, रात्री ९:१८

तांत्रिक बाजू तुम्ही बघा, मी कागदाची सांगते.

वेळ कुठून घ्यायची हा आपल्याकडे फक्त आवडीचा प्रश्न राहिलेला नाही. सर्ट-इनने (सायबर सुरक्षेची सरकारी संस्था) २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले. त्यात सगळ्या यंत्रणांची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्याशी धागा जुळणाऱ्या सर्व्हरशी जोडा असं आहे. शिवाय लॉग १८० दिवस ठेवायचे आणि सायबर घटना घडली तर सहा तासांत कळवायचं. लघुउद्योगांना २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत वाढवून दिली होती, तीही कधीच सरली. "आमची कंपनी नाही, प्रोप्रायटरशिप आहे" असं म्हणणारे क्लायंट मला रोज भेटतात. आयटी कायद्याच्या कलम ४३अ मध्ये 'बॉडी कॉर्पोरेट'ची व्याख्या आहे, तिच्यात एकल मालकीही येते.

दुसरं टॅलीचं. तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग लागतोच, म्हणजे कुठली नोंद कधी बदलली त्याची तारखेसकट खूण. पीसीचं घड्याळच खोटं असेल तर त्या लॉगला काय अर्थ? मध्यरात्रीच्या आसपासच्या नोंदी तर तारीखच बदलतात.

आणि डीव्हीआर. चोरीबिरी झाली आणि फुटेज कोर्टात द्यायची वेळ आली तर आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, आधी ते ६५ब होतं. पडद्यावरची वेळ आणि गेटच्या रजिस्टरमधली वेळ सात मिनिटांनी वेगळी असेल तर समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवणार.

निवृत्त_टेलिफोन | शुक्रवार, सकाळी ६:१०

वाचून मौज वाटली. आमच्या एक्स्चेंजमध्ये १७४ फिरवलं की बाई वेळ सांगायची, लोक त्यावर मनगटातलं घड्याळ लावायचे. त्याआधी आकाशवाणीच्या बातम्यांपूर्वीचे ठोके. म्हणजे एनटीपीच की, फक्त कानाने.

आणि एक गाव, दोन वेळा हे आपल्याला नवीन नाही. भारतीय प्रमाणवेळ आली १ जानेवारी १९०६ ला. मुंबईची स्वतःची वेळ तिच्या ३९ मिनिटं मागे, आणि मुंबईकरांनी ती सहजी सोडली नाही. १९५५ पर्यंत ती टिकून होती. स्टेशनावर एक वेळ, शहरात दुसरी! सात मिनिटांवर भांडणाऱ्या तुमच्या कामगाराने ३९ मिनिटं ऐकली तर काय म्हणेल.

तांबडा_पांढरा | शुक्रवार, सकाळी ९:३०

म्हणजे मुंबईचा माणूस उशिरा यायचा त्याला सरकारी कारण होतं म्हणायचं.

लंबक | शुक्रवार, सकाळी ११:४५

हिशेबनीस ताईंनी माझं काम सोपं केलं. क्रॉनीची फाइल ईटीसी फोल्डरात क्रॉनी नावाच्या फोल्डरमध्ये असते. तिच्यात उबंटूच्या पूलच्या (वेळ सांगणाऱ्या सर्व्हरांच्या गटाच्या) ज्या ओळी आहेत त्यांच्यापुढे # लावा आणि या घाला:

सर्व्हर टाइम.एनपीएलइंडिया.ओआरजी आयबर्स्ट
सर्व्हर समय१.एनआयसी.इन आयबर्स्ट
सर्व्हर समय२.एनआयसी.इन आयबर्स्ट
सर्व्हर ०.इन.पूल.एनटीपी.ओआरजी आयबर्स्ट

चार का? एकच ठेवला तर तो सांगेल ते ब्रह्मवाक्य. दोन ठेवले आणि त्यांचं जुळलं नाही तर कोण खोटं बोलतंय ते कळायला मार्ग नाही. तिघांत दोघांचं एकमत धरता येतं. चौथा अशासाठी की एखादा बंद पडला तरी तिघं उरतात. गूगलचा सर्व्हर मात्र यांच्यात मिसळू नका. लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला घड्याळात घातलेला जादा सेकंद) आला की ते लोक तो एक सेकंद दिवसभरात पसरून वाटतात, बाकीचे एकदम घालतात. त्या दिवशी दोघांचं पटणार नाही. शेवटचा लीप सेकंद २०१६ च्या शेवटी आला, आपल्याकडे तेव्हा १ जानेवारी २०१७ ची पहाट होती. म्हणजे घाई नाही, पण सवय चांगली लावावी.

मेकस्टेप आणि आरटीसीसिंकच्या ओळी आहेत तशा राहू द्या. आरटीसीसिंकमुळे कर्नल दर अकरा मिनिटांनी बोर्डावरच्या घड्याळातही बरोबर वेळ लिहितो, म्हणजे रीस्टार्टनंतर पहिल्या क्षणापासून ठीक.

शेवटी या दोन:

अलाउ १९२.१६८.१.०/२४
लोकल स्ट्रॅटम १०

पहिलीने तुमच्या ऑफिसातल्या यंत्रांना हा सर्व्हर वेळ सांगेल. दुसरीने नेट गेलं तरी सांगत राहील, आणि ऑफिसातली सगळी यंत्रं निदान एकमेकांशी जुळलेली राहतील. स्ट्रॅटम म्हणजे मूळ घड्याळापासून कितवी पायरी. अणुघड्याळ किंवा जीपीएसला चिकटलेला सर्व्हर १, त्याला विचारणारा २, असं. १६ म्हणजे याचं कुणाशीच जुळलेलं नाही. स्वतःला १० म्हणवून घेतला की खरा सर्व्हर मिळाल्यावर कुणी याला त्याच्यापेक्षा मोठा मानणार नाही.

यूडीपी पोर्ट १२३ फायरवॉलमध्ये उघडा, पण फक्त ऑफिसच्या नेटवर्कसाठी. बाहेरच्या जगाला उघडा ठेवू नका. २०१३-१४ च्या सुमारास असेच उघडे एनटीपी सर्व्हर वापरून लोकांनी मोठमोठ्या साइट आडव्या पाडल्या होत्या.

लेथवाला | सोमवार, दुपारी १२:३५

आमची सुट्टी आज. सकाळपासून बसलोय. हजेरी बंद केली, क्रॉनी घातली, तुम्ही दिल्या तशा ओळी टाकल्या, आणि... काहीच नाही. घड्याळ तसंच सात मिनिटं पुढे. क्रॉनीसी सोर्सेस म्हटलं तर चारही नावांपुढे ^? आहे आणि रीच ०.

काकांनी मागे उभं राहून बघितलं आणि "सुट्टीच्या दिवशी कशाला ही उठाठेव" म्हणून गेले.

लंबक | सोमवार, दुपारी १२:५०

रीच ० म्हणजे एकही उत्तर आलं नाही. नावाचा पत्ता सापडतोय ना? पिंग करू नका, बरेच सर्व्हर त्याला उत्तर देत नाहीत. राउटर बघा. कुणीतरी "फक्त ८० आणि ४४३ जाऊ द्या" असा नियम घातला असेल तर १२३ वाटेतच मरतो.

लेथवाला | सोमवार, दुपारी १:४०

होता नियम! बाहेर जाणारा यूडीपी १२३ सोडला आणि मिनिटाभरात रीच १७ झालं. मग ३७, ७७, १७७ आणि आता ३७७. हे ७७ नंतर एकदम १७७ काय? मोजणी चुकतेय का?

प्रयोगशाळेच्या सर्व्हरपुढे आता ^* आलंय, बाकी दोघांपुढे ^+, पूलवाल्यापुढे ^-. लॉगमध्ये ही ओळ सापडली:

सिस्टिम क्लॉक वॉज स्टेप्ड बाय -४२१.३१८२७४ सेकंड्स

ऑथेंटिकेटरही पहिल्या फटक्यात चालला. मी अक्षरशः टाळी वाजवली, ऑफिसात कुणी नव्हतं ते बरं.

लंबक | सोमवार, दुपारी २:१५

मोजणी बरोबर आहे, ती अष्टमान पद्धतीची आहे, म्हणून ८ आणि ९ कधी दिसणार नाहीत. शेवटच्या आठ प्रश्नांचे आठ खण. उत्तर आलं तर १, नाही आलं तर ०. ३७७ म्हणजे आठही भरले. मधेच ३७३ किंवा ३५७ दिसलं तर एखादं उत्तर हरवलं एवढंच, रोजचं आहे. तारा म्हणजे सध्या ज्याचं ऐकतोय तो, अधिक म्हणजे त्याच्याशी जुळणारे आणि हिशेबात धरलेले, वजा म्हणजे चांगला पण आत्ता धरलेला नाही. x दिसला तर मात्र बघा, तो बाकीच्यांपेक्षा वेगळंच सांगतोय.

आता विंडोजचा पीसी. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, डब्ल्यू३२टीएमला (विंडोजची वेळेची आज्ञा) मॅन्युअल पीअर लिस्टमध्ये तुमच्या सर्व्हरचा पत्ता द्या, सिंक फ्रॉम फ्लॅग्ज मॅन्युअल ठेवा, अपडेट म्हणा, मग रीसिंक. शेवटी क्वेरी सोर्स विचारा. तिथे तुमचा पत्ता आला तर जमलं. 'लोकल सीमॉस क्लॉक' आलं तर तो अजून स्वतःच्याच मनाने चालतोय.

डीव्हीआरच्या मेनूत तारीख-वेळेत एनटीपीचा रकाना असतो, तिथेही हाच पत्ता. टाइम झोन ५:३० आहे ना तेवढं बघा. मी बघितलेल्या निम्म्या डीव्हीआरमध्ये तो बीजिंगचा +८ असतो.

उद्या याच वेळी क्रॉनीसी ट्रॅकिंग म्हणा आणि फ्रीक्वेन्सीची ओळ मला सांगा. एक शंका आहे.

लेथवाला | मंगळवार, दुपारी २:३०

डीव्हीआर +८ च होता! वेळ हाताने ओढून बरोबर दिसेल अशी कुणीतरी लावून ठेवली होती. आता झोन नीट केला. अंगठ्याच्या मशीनला एनटीपी नाहीच, पण हजेरीचं सॉफ्टवेअर त्यातून डेटा ओढताना दर वेळी सर्व्हरची वेळ त्यात ढकलतं. आज सकाळी पहिल्या पाळीला मी फोन हातात धरून गेटवर उभा होतो. सेकंदाला सेकंद.

तुमची ओळ: फ्रीक्वेन्सी ४.६ पीपीएम स्लो.

लंबक | मंगळवार, दुपारी ३:०५

स्लो! मला हेच बघायचं होतं.

पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक. तुमचा स्फटिक ४.६ ने मंद आहे, म्हणजे मोकळा सोडला तर दिवसाला सुमारे ०.४ सेकंद मागे पडतो. ४५० दिवसांत १८० सेकंद, तीन मिनिटं. मागे! आणि तुमचं घड्याळ निघालं सात मिनिटं पुढे. लॉगमधले ४२१ सेकंद अधिक हे १८०, झाले ६०१.

दहा मिनिटं आणि एक सेकंद. स्फटिक इतक्या गोल हिशेबाने चुकत नाहीत. पहिल्या दिवशी कुणीतरी हे घड्याळ दहा मिनिटं पुढे लावलं, आणि एनटीपी बंद केलं.

अर्धवट_ॲडमिन | मंगळवार, दुपारी ३:११

आईशप्पथ.

तांबडा_पांढरा | मंगळवार, दुपारी ३:२०

लेथवाल्या, रूटची हिस्टरी बघ की, म्हणजे ॲडमिनने टाइप केलेल्या आज्ञांची यादी. सगळं असतंय तिथं.

लेथवाला | मंगळवार, रात्री १०:४४

बघितली. अगदी वरच्या वीस ओळींत आहे. आधी डेट -एस ने वेळ लावलेली. मग लगेच तीच आज्ञा पुन्हा. मग पुन्हा. आणि मग टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी फॉल्स, आणि शेवटी डेट -एस चौथ्यांदा. म्हणजे बिचारा वेळ पुढे लावत होता आणि सर्व्हर ती परत बरोबर करत होता. शेवटी त्याने झगडा संपवला.

ज्याने बसवला त्या पोराला फोन केला. तो म्हणाला, "तुमच्या काकांनीच सांगितलं होतं, दहा मिनिटं पुढं ठेव म्हणून."

जेवताना काकांना विचारलं. त्यांना काही वाटलंच नाही. "आपल्या घरातलं घड्याळ नाही का दहा मिनिटं पुढं असतं? माणसं वेळेवर निघतात." काकू पोळी वाढता वाढता म्हणाल्या, "घरातलं पुढे आहे हे घरातल्यांना माहीत असतं. त्या पोरांना कुणी सांगितलं होतं?" यावर काका गप्प झाले.

हिशेबनीस | बुधवार, सकाळी ९:०५

काकूंना माझा नमस्कार सांगा.

आता महत्त्वाचं. जुने पंच बदलायला जाऊ नका, मोह होईल. मूळ नोंदी आहेत तशाच ठेवा. एका कागदावर लिहा: अमुक तारखेपर्यंत सर्व्हरचं घड्याळ पुढे होतं, अमुक दिवशी ४२१ सेकंदांनी दुरुस्त केलं, सोबत लॉगमधली ती ओळ छापून जोडा. काकांची सही घ्या. मग प्रत्येक लेट मार्क त्या हिशेबाने तपासा आणि कापलेले पैसे पुढच्या पगारात वेगळ्या ओळीने परत द्या. लक्षात ठेवा, फरक सगळ्या काळात सात मिनिटं नव्हता. सुरुवातीला दहा होता, रोज थोडा थोडा कमी होत आला.

लेथवाला | गुरुवार, रात्री ९:२०

केलं. एक्सेलमध्ये प्रत्येक तारखेपुढे तेव्हाचा फरक काढला, ६०० सेकंदांतून दिवसाला ०.४ वजा करत. पंधरा महिन्यांत १३८ लेट मार्क होते, त्यातले ९१ खोटे निघाले. काकांनी आकडा बघितला, चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितला आणि सही केली. भांडणाऱ्या माणसाला मी स्वतः जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं, साहेब. माझं घड्याळ रेल्वेच्या घड्याळावर लावलेलं असतं." चहा त्यानेच पाजला.

रविवारी रात्री अपडेट टाकून सर्व्हर रीस्टार्ट करणार आहे, अर्धवटराव, तुमच्यासाठी.

एक उरलंय. आज सुटायच्या वेळी फोन घेऊन उभा होतो, तर भोंगा दीड मिनिट उशिरा वाजला. त्याचा टायमर छताजवळ आहे, जुना, फिरत्या चकतीचा. त्याला एनटीपी नाही, स्क्रू आहे. उद्या शिडी लावतो.

तांबडा_पांढरा | गुरुवार, रात्री ९:२६

शिडी धरायला त्या रेल्वेवाल्याला घे. वेळ त्याच्याच मनगटावरनं लाव.